वॉशिंग्टन पॉवर: दोन हंगाम जगलेला लॅक्रॉस संघ

2001 आणि 2002 या दोन हंगामांत अमेरिकेच्या राजधानीच्या नावाने एक व्यावसायिक इनडोअर लॅक्रॉस संघ खेळत होता. त्याचं नाव वॉशिंग्टन पॉवर. त्याच्या आधीच्या वर्षी, म्हणजे 2000 मध्ये, हाच संघ पिट्सबर्गचा होता आणि क्रॉसफायर नावाने खेळायचा. त्याही आधी, 1987 ते 1999 असे तेरा हंगाम, तो बाल्टिमोरचा थंडर होता. 2003 पासून तो डेन्व्हरला आहे आणि कोलोरॅडो मॅमथ म्हणून ओळखला जातो. 1999 ते 2003 या पाच हंगामांत संघाने चार शहरं पाहिली.

संघ रडतखडत खेळणारा असता तर या भटकंतीचं फार नवल वाटलं नसतं. पण पॉवरच्या संघात या खेळाच्या इतिहासातले दोन सर्वांत मोठे खेळाडू होते, आणि 2002 मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब पॉवरच्याच एका खेळाडूला मिळाला. तरी त्या उन्हाळ्यात संघ उचलून अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला नेला गेला. तिथे मात्र तो इतका रुजला, की आज वीस वर्षांहून जास्त काळ जागचा हललेला नाही.

असं का होतं, हे या लेखात समजून घ्यायचं आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. इनडोअर लॅक्रॉसमध्ये संघ जगतो की मरतो हे मैदानावरच्या निकालापेक्षा इमारतीवर ठरतं. ज्या इमारतीला रिकामे दिवस भरायचे असतात, तिथे संघ टिकतो. जिथे संघालाच मोकळ्या दिवसासाठी इमारतीच्या मालकाच्या दारात उभं राहावं लागतं, तिथे तो टिकत नाही. या उत्तराला एक मोठा अपवादही आहे, तो पुढे येईलच.

आधी खेळ समजून घेऊ

लॅक्रॉसचं नाव मराठी वाचकाच्या कानावरून अलीकडेच गेलेलं असेल, आणि तेही मुंबईमुळे. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं, हे तिथेच ठरलं. आपल्याकडच्या बातम्यांचे मथळे साहजिकच क्रिकेटचे होते. पण त्याच ठरावात स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल, बेसबॉल-सॉफ्टबॉल यांच्याबरोबर लॅक्रॉसचाही समावेश झाला. 1904 आणि 1908 नंतर पहिल्यांदाच या खेळाला ऑलिंपिक पदकं मिळणार आहेत.

खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा. त्यातही हॉडेनोसॉनी लोकांचं, म्हणजे युरोपीयांनी ज्यांना इरोक्वॉय म्हटलं त्यांचं, या खेळाशी धर्मासारखं नातं आहे. निर्मात्याने करमणुकीसाठी आणि रोग बरे व्हावेत म्हणून दिलेला खेळ, असं ते मानतात. लांब काठीच्या टोकाला जाळी असते. त्या जाळीत टणक रबरी चेंडू झेलायचा, पळवायचा, दुसऱ्याकडे फेकायचा आणि गोलात मारायचा.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. फील्ड लॅक्रॉस मोकळ्या गवतावर, फुटबॉलएवढ्या मैदानात, दहा-दहा खेळाडूंचा असतो. अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या शाळा-कॉलेजांत हाच प्रकार चालतो. दुसरा बॉक्स लॅक्रॉस, तोच आपला विषय. आईस हॉकीच्या रिंकमध्ये बर्फावर कृत्रिम गवताचा गालिचा अंथरतात. मैदान साधारण 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद, चारी बाजूंनी लाकडी कठडे आणि वर काच. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडू कठड्यावर आपटून परत खेळात येतो, त्यामुळे खेळ थांबतच नाही. चेंडू ताब्यात आल्यापासून 30 सेकंदांत गोलावर फटका मारावा लागतो. गोल लहान आणि गोलरक्षक नखशिखान्त जाड पॅडमध्ये. त्यामुळे फटका मारायला उघडी जागा जेमतेम चेंडूएवढी उरते, आणि तरीही 12-10 किंवा 15-11 असे निकाल लागतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, धक्काबुक्की भरपूर, दोन मिनिटांसाठी बाहेर बसवण्याची शिक्षाही हॉकीसारखीच. पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही पाच मिनिटांत कळू लागतो असा हा खेळ आहे, आणि माझ्या मते बंद छताखाली खेळल्या जाणाऱ्या खेळांत याच्याइतका देखणा दुसरा नाही.

या प्रकाराचा जन्म कसा झाला, ते आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचं आहे. 1931 मध्ये कॅनडातल्या आईस हॉकी संघांच्या मालकांपुढे एक व्यावहारिक अडचण होती. प्रचंड खर्च करून बांधलेली अरेना उन्हाळाभर रिकामी पडायची. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या मालकांनी आणि इतरांनी लॅक्रॉसला छपराखाली आणलं, खेळाडू कमी केले आणि व्यावसायिक लीग काढली. ती लीग फार चालली नाही. पण बॉक्स लॅक्रॉस कॅनडात असं पसरलं, की फील्डचा प्रकार तिथे मागे पडला. खेळाचा हा अवतार रिकाम्या इमारतीच्या गरजेतून जन्माला आलेला आहे.

मालकी, लीग आणि तारखा

अमेरिकेतली आजची लीग 1987 मध्ये सुरू झाली. रस क्लाइन आणि ख्रिस फ्रिट्झ हे दोघे मोठमोठे कार्यक्रम भरवणारे आयोजक. त्यांनी फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, न्यू जर्सी आणि वॉशिंग्टन असे चार संघ उभे केले. चारही संघ लीगच्याच मालकीचे होते. पहिलं विजेतेपद बाल्टिमोर थंडरने जिंकलं, वॉशिंग्टन वेव्हला 11-10 असं हरवून. हा वेव्ह संघ वेगळा, आपला पॉवर वेगळा. वेव्ह 1989 नंतर बंदच पडला. म्हणजे पॉवर आला तेव्हा राजधानीत हा प्रयोग एकदा फसून बारा वर्षं झाली होती.

1998 च्या हंगामापासून लीगचं नाव नॅशनल लॅक्रॉस लीग झालं आणि संघ स्वतंत्र मालकांच्या हाती जाऊ लागले. आता प्रत्येक मालकाचा नफा-तोटा त्याचा त्याचा झाला. ज्या शहरात पैसे बुडतात, तिथून उठून दुसरीकडे जायची मुभाही आली. संघांच्या स्थलांतरांची मालिका सुरू झाली ती तेव्हापासून.

आता हिशेब पाहू. 2001 च्या हंगामात प्रत्येक संघाला 14 सामने होते, म्हणजे घरच्या मैदानावर सात. वर्षभरात कमाईच्या फक्त सात रात्री. समजा प्रत्येक सामन्याला सरासरी 5 हजार लोक आले आणि तिकीट सरासरी 15 डॉलरचं होतं. सात सामन्यांचे झाले सव्वापाच लाख डॉलर. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण अंदाज येतो. या रकमेतून अरेनाचं भाडं, गालिचा अंथरायचा-काढायचा खर्च, वीस-पंचवीस माणसांची विमानाची तिकिटं, हॉटेल, विमा, जाहिरात, बारा महिने चालणाऱ्या कार्यालयाचे पगार आणि खेळाडूंचं मानधन द्यायचं. खेळाडूंचं मानधन तर हंगामाला काही हजार डॉलरच असायचं. शिक्षक, अग्निशमन दलातले जवान, पोलीस, सुतार अशी माणसं आठवडाभर आपापली नोकरी करून शुक्रवारी संध्याकाळी विमानात बसत आणि रविवारी घरी परतत. व्यावसायिक खेळाडू म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते इथे लागू नाही.

या हिशेबात एक मोठी गोष्ट नाही, ती म्हणजे टीव्हीचा पैसा. आयपीएलमधल्या कुठल्याच संघाचं स्वतःचं स्टेडियम नाही, ती राज्य क्रिकेट संघटनांची असतात. तरी संघ चालतात, कारण प्रक्षेपणाच्या हक्कांतून मंडळाला मिळणाऱ्या रकमेचा मोठा वाटा प्रत्येक संघाला मिळतो. एखाद्या सामन्याला स्टेडियम अर्धं रिकामं राहिलं म्हणून संघ बुडत नाही. लॅक्रॉसमध्ये अशी गादी कुणाखालीच नव्हती. जे काही मिळायचं ते त्या इमारतीतून, त्या रात्री, खुर्चीवर येऊन बसलेल्या माणसाकडून.

आणि त्या माणसाने खिशातून काढलेले पैसेही सगळे संघाला मिळत नाहीत. गाडी लावायचे पैसे, बिअर, पॉपकॉर्न, कठड्यांवरच्या जाहिराती, वरच्या मजल्यावरचे खास कक्ष, यांतलं बहुतेक उत्पन्न सहसा इमारत चालवणाऱ्याकडे जातं. संघ भाडेकरू असेल तर त्याच्या वाट्याला तिकिटांचे पैसे येतात, तेही भाडं वजा जाऊन. संघ आणि इमारत एकाच मालकाची असेल, तर हेच सामने त्याला वेगळे दिसतात. लॅक्रॉसमध्ये थोडा तोटा झाला तरी पार्किंग आणि खाण्यापिण्यात तो भरून निघतो, इमारतीची एक रिकामी रात्र भरते, आणि तिकीट खिडकीवरची, साफसफाईची, सुरक्षेची माणसं तशीही पगारावर असतातच.

आता तारखांकडे येऊ. नाटकाच्या निर्मात्याला चांगल्या नाट्यगृहाची शनिवार-रविवारची तारीख मिळवण्यासाठी काय काय करावं लागतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मंगळवारी दुपारचा प्रयोग लावून घर चालत नाही. लॅक्रॉस संघाचं नेमकं हेच दुखणं आहे. खेळाडू नोकरदार असल्यामुळे सामना शुक्रवारी किंवा शनिवारीच ठेवावा लागतो. 1931 मध्ये कॅनडात हा खेळ उन्हाळ्यात रिंकमध्ये शिरला, कारण तेव्हा रिंक रिकामे असत. अमेरिकेतली व्यावसायिक लीग मात्र हिवाळ्यात खेळते. उन्हाळ्यात तिचे कॅनेडियन खेळाडू आपापल्या गावच्या क्लबकडून मॅन चषकासाठी, म्हणजे कॅनडाच्या वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय विजेतेपदासाठी, खेळत असतात, आणि तो चषक त्यांना जीव की प्राण असतो. हिवाळ्यात अरेनावर आईस हॉकी आणि बास्केटबॉलचा पहिला हक्क, मग संगीताचे मोठे कार्यक्रम, सर्कस, बर्फावरचे नाच. या सगळ्यांतून उरलेल्या तारखा लॅक्रॉसच्या. एक घरचा सामना जानेवारीत, पुढचे दोन थेट मार्चमध्ये, असं वेळापत्रक निघालं की नव्या प्रेक्षकाला सवय लागायच्या आत तो संघाला विसरतो.

बाल्टिमोर ते वॉशिंग्टन

बाल्टिमोरमधून संघ जातो, हे पहिल्यांदा वाचलं की खरं वाटत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं हे शहर अमेरिकेतल्या लॅक्रॉसची पंढरी. तिथली मुलं चालायला लागली की हातात स्टिक येते. 2004 मध्ये तर मेरीलँड राज्याने लॅक्रॉसला आपला अधिकृत सांघिक खेळ घोषित केलं. पण ही सगळी भक्ती फील्ड लॅक्रॉसची. वसंतातली दुपार, गवत, शाळेचा किंवा कॉलेजचा संघ, आजोबांपासून चालत आलेली निष्ठा. छपराखाली, कठड्यांच्या आत, कॅनडातून आलेल्या खेळाडूंचा हा प्रकार तिथल्या अनेकांना आपला वाटला नाही. खेळ माहीत असणं आणि हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री पैसे देऊन तो पाहायला जाणं यांत अंतर राहिलं. तेरा हंगाम संघ चालला हेच खूप म्हणायचं.

थंडरच्या शेवटच्या हंगामात, 1999 मध्ये, लीगचा सर्वोत्तम खेळाडू थंडरचाच होता. त्याचं नाव गॅरी गेट. 1995 ते 1999 सलग पाच वर्षं हा किताब त्याने दुसऱ्या कुणाला मिळूच दिला नाही.

गॅरी आणि पॉल हे जुळे भाऊ, जन्म 1967, गाव कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हिक्टोरिया. लहानपणापासून बॉक्स लॅक्रॉसमध्ये वाढलेले. सिराक्यूज विद्यापीठात शिकायला गेले आणि अमेरिकेतल्या फील्ड लॅक्रॉसला त्यांनी नवीनच खेळ दाखवला. पाठीमागून पास, न बघता फटका, अरुंद जागेतून निसटणं, हे सगळं त्यांना रिंकमध्ये शिकायला मिळालं होतं. 1988 च्या एका सामन्यात गॅरीने गोलाच्या मागून उडी घेतली आणि हवेत असतानाच वरच्या दांड्यावरून चेंडू आत टाकला. पुढे तशी उडी नियमबाह्य ठरवावी लागली. आज तरुण खेळाडू स्टिक ज्या पद्धतीने वापरतात, तिच्यात या दोन भावांचा वाटा फार मोठा आहे.

असा खेळाडू असूनही संघ बाल्टिमोरहून पिट्सबर्गला गेला. तिथल्या मेलन अरेनात तो एकच हंगाम खेळला आणि तिथूनही उठला. मग वॉशिंग्टन.

वॉशिंग्टनची निवड वरवर पाहता शहाणपणाची होती. मेरीलँड आणि व्हर्जिनियातली उपनगरं, शाळांतून लॅक्रॉस खेळणारी हजारो मुलं, कमावते पालक. बाल्टिमोर गाडीने तासाभरावर, म्हणजे जुने चाहतेही येऊ शकले असते. प्रशिक्षक डॅरिस किलगोर. हॉडेनोसॉनी महासंघातल्या टस्करोरा राष्ट्राचा हा माणूस लीगमधल्या बफेलो संघाचा जुना खेळाडू, पुढे 2008 मध्ये प्रशिक्षक म्हणून बफेलोलाच विजेतेपद मिळवून देणारा. मैदानावर गॅरी आणि पॉल दोघेही. पॉल आयुष्यभर 'गॅरीचा भाऊ' म्हणून ओळखला गेला, पण 2002 मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याचा होता. मला हे वर्ष फार आवडतं. पस्तिशीला टेकलेला माणूस, शरीर वर्षानुवर्षं मार खाऊन थकलेलं, आणि तरी संपूर्ण लीगमध्ये अव्वल. तो क्षण ज्या संघाच्या रंगात आला, तो संघ काही महिन्यांत उरलाही नाही.

त्या वर्षांत राजधानीत आणखी काय चाललं होतं ते पाहिलं की पॉवरची अडचण समजते. 2001 च्या शरद ऋतूत मायकेल जॉर्डन निवृत्ती मोडून वॉशिंग्टनच्याच बास्केटबॉल संघातून परत मैदानात उतरला. त्याच सुमाराला आईस हॉकीतला मोठा खेळाडू यारोमिर यागर कॅपिटल्सकडे, म्हणजे वॉशिंग्टनच्या हॉकी संघाकडे, आला. महिलांच्या नव्या फुटबॉल लीगमध्ये मिया हॅमचा वॉशिंग्टन फ्रीडम संघ 2001 मध्येच सुरू झाला. आणि त्याच वर्षी मेजर लीग लॅक्रॉस ही व्यावसायिक फील्ड लॅक्रॉसची लीगही निघाली. तिच्यातल्या बाल्टिमोर बेहॉक्स संघात गॅरी गेटच होता. म्हणजे पॉवरच्या सर्वांत मोठ्या ताऱ्याला पाहायचं असेल, तर बाल्टिमोरच्या लॅक्रॉसवेड्या कुटुंबाला उन्हाळ्यात, आपल्या शहरात, आपल्या आवडत्या प्रकारात पाहता येत होतं. थंडीत तासभर गाडी चालवायचं कारणच उरलं नाही.

दोन हंगामांत पॉवरला शहराने नाकारलं, असंही मी म्हणणार नाही. नाकारायला आधी ओळख व्हावी लागते. पहिल्या हंगामातले सात आणि दुसऱ्यातले आठ असे साधारण पंधरा घरचे सामने. कुठल्याही नव्या संघाला शहराच्या अंगवळणी पडायला एवढं पुरत नाही.

संघ हलतो तेव्हा नेमकं काय हलतं

फ्रँचायझी म्हणजे लीगमध्ये एक संघ खेळवण्याचा हक्क. या हक्काबरोबर करारबद्ध खेळाडू आणि ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, हक्क येतात. ते उचलून नेता येतात. नाव, रंग, बोधचिन्ह बदलता येतं. अरेनाचा करार, हंगामी तिकिटं घेणारी कुटुंबं, स्थानिक जाहिरातदार, शाळांशी जुळवलेले संबंध, यांतलं काहीच बरोबर येत नाही.

इनडोअर लॅक्रॉसमध्ये हे हलणं इतकं सोपं का, याचं कारण खेळाडूंच्या राहणीत आहे. बहुतेक खेळाडू संघाच्या शहरात राहतच नसत. ते ओंटारिओत किंवा ब्रिटिश कोलंबियात आपल्या घरी, आपल्या नोकरीवर. शुक्रवारचं विमान आता वॉशिंग्टनऐवजी डेन्व्हरचं, एवढाच त्यांच्यापुरता फरक. घर बदलायला नको, मुलांची शाळा बदलायला नको. त्यामुळे मालकाला अडवणारं संघाच्या आत कुणी नसतं. झळ बसते ती कार्यालयातल्या माणसांना आणि प्रेक्षकांना. चाहत्याच्या नुकसानीचा आकडा कुठल्याच ताळेबंदात येत नाही, आणि हा या व्यवसायातला सर्वांत मोठा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. दहा वर्षांच्या मुलाने ज्या संघाची जर्सी हट्टाने घेतली, तो संघ पुढच्या वर्षी अस्तित्वातच नाही, हे त्याला कोण आणि कसं समजावणार?

अलीकडे लीगने याबाबत थोडी काळजी घेतलेली दिसते. 2019 मध्ये रॉचेस्टर नाइटहॉक्सचा मालक आपला संघ घेऊन कॅनडात हॅलिफॅक्सला गेला, पण नाव, बोधचिन्ह आणि जुने विक्रम रॉचेस्टरमध्येच ठेवले गेले. तिथे नव्या मालकाने त्याच नावाने नवा संघ उभा केला. गावाचा इतिहास गावातच राहिला. बाल्टिमोरच्या वाट्याला हे आलं नाही. 1987 चं ते पहिलं विजेतेपद आज ज्याला आपलं म्हणता येईल असा एकही संघ मैदानावर नाही.

डेन्व्हरमध्ये काय वेगळं होतं

डेन्व्हरमधलं पेप्सी सेंटर 1999 मध्ये उघडलं, आता त्याला बॉल अरेना म्हणतात. बास्केटबॉलचा नगेट्स, आईस हॉकीचा अ‍ॅव्हलांच, ती इमारत आणि मॅमथ, सगळं क्रोएन्के या एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली आहे. तारीख ठरवायची तर घरातल्या घरात बोलून ठरते. तिकीट विक्रीची यंत्रणा तयार, हॉकीच्या चाहत्यांची यादी तयार. अ‍ॅव्हलांचने 2001 मध्ये स्टॅनली चषक, म्हणजे हॉकीतलं सर्वोच्च विजेतेपद, जिंकलेला, हॉकीची तिकिटं महाग आणि मिळायला कठीण. त्याच इमारतीत, तितकाच वेगवान आणि धसमुसळा खेळ, निम्म्याहून कमी पैशांत आणि मुलाबाळांसह पाहता येतो म्हटल्यावर लोक आले. शिवाय डेन्व्हरला फील्डच्या प्रकाराचा जुना अभिमान आड येणार नव्हता. त्यांना हा खेळ नवा होता आणि जसा दिसला तसा त्यांनी तो स्वीकारला.

2003 मध्ये मॅमथकडून खेळताना गॅरी गेट पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सहाव्यांदा. पुढच्या काही वर्षांत घरच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती 16 हजारांच्या पुढे गेली. चाहते त्या अरेनाला प्रेमाने 'लाउड हाऊस' म्हणू लागले. 2006 मध्ये, आता प्रशिक्षक झालेल्या गॅरीच्या हाताखाली मॅमथने बफेलोला 16-9 असं हरवून विजेतेपद मिळवलं. 2022 मध्ये पुन्हा बफेलोलाच हरवून दुसरं. गॅरीचा 22 क्रमांक मॅमथने कायमचा निवृत्त केला आहे. बाल्टिमोर, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन, डेन्व्हर या चारही मुक्कामांवर तो या संघाकडून खेळला होता.

इतर उदाहरणंही याच दिशेने बोट दाखवतात. न्यूयॉर्क टायटन्स 2009 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण न्यूयॉर्कच्या महागड्या अरेनांत त्याचं बस्तान बसेना. 2010 साठी तो फ्लोरिडात ऑर्लँडोला गेला. तिथे त्याच्या केसी पॉवेलने सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला. तो हंगाम संपला आणि संघही संपला. ऑर्लँडोचं सगळं आयुष्य एका हिवाळ्याचं. उलट कॅनडातला एडमंटन रश 2015 मध्ये विजेता ठरला, तरी आईस हॉकीने व्यापलेल्या शहरात त्याला आपली जागा सापडत नव्हती. मालकाने तो सस्काटूनला हलवला. जेमतेम अडीच लाख वस्तीचं गाव, हॉकीच्या सर्वोच्च लीगचा संघ नाही, लांब थंड हिवाळा आणि तारखांसाठी भुकेलेली अरेना. तिथे काही हंगामांत सरासरी 14 हजारांवर लोक येत होते. शहर जितकं मोठं तितकं यश मोठं, हा समज इथे कामाचा नाही.

आता अपवाद. 2014 मध्ये फिलाडेल्फिया विंग्ज हा 1987 पासूनचा मानाचा संघ हलला आणि न्यू इंग्लंड ब्लॅक वुल्व्हज झाला. कनेटिकट राज्यातलं अंकसव्हिल हे छोटं गाव. मालकांमध्ये मोहेगन हे आदिवासी राष्ट्र, अरेना त्यांची, शेजारचा कॅसिनोही त्यांचा. माझ्या वरच्या हिशेबाप्रमाणे हे जमायलाच हवं होतं. 2020 मध्ये संघ उत्तम खेळत होता. तेवढ्यात कोविडमुळे हंगाम अर्ध्यावर थांबला, पुढचा झालाच नाही, आणि 2021 मध्ये संघ विकला जाऊन न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला गेला. इमारत आपली असली तरी तिच्या आसपास माणसं हवीत. कॅसिनोला येणारा पाहुणा दूरवरून येतो आणि निघून जातो, दर पंधरवड्याला तो आपल्या संघासाठी परत येत नाही. इमारतीचा नियम महत्त्वाचा आहे, पण एकटा पुरेसा नाही, हे मला या उदाहरणाने मान्य करायला लावलं.

ऑल्बनीचा फायरवुल्व्हज 2023 मध्ये तळाशी होता आणि 2024 मध्ये थेट अंतिम फेरीत. बफेलोकडून हरला, पण शहराने असा हंगाम पाहिला. त्यानंतर एकच हंगाम झाला आणि 2025 मध्ये संघ कॅनडात ओशावाला गेला. विंग्जपासून मोजलं तर त्या फ्रँचायझीचं हे चौथं गाव. ओशावाची अरेना नगरपालिकेची आहे, जागा पाच-सहा हजारांची, डेन्व्हरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. पण हे गाव बॉक्स लॅक्रॉस आतून ओळखतं. 1963 ते 1969 सलग सात वर्षं कनिष्ठ गटाचा मिंटो चषक ओशावाच्या ग्रीन गेल्स संघाने जिंकला होता. बाल्टिमोरला फील्डचा अभिमान होता, ओशावाला बॉक्सचा आहे. संघातल्या बऱ्याच खेळाडूंचं घर याच प्रांतात असल्याने शुक्रवारच्या विमानखर्चातही बचत होईल. फायरवुल्व्हज तिथे किती हंगाम काढतो, याच्याकडे माझं लक्ष असणार आहे.